रेघेच्या वरचं पाणी

१२ ऑगस्ट २००५, शुक्रवार

आज दुकानात डॉक्टर आले. औषध द्यायला नाही, नळी घ्यायला. डॉक्टर म्हणजे बहिरूचा गोरक्ष. बाप अजून आणे पठारावर मेंढरं राखतोय, आणि चिरंजीव लहान पोरांचे डॉक्टर होऊन आमच्याच नारायणगावात, आमच्याच पेठेत दवाखाना मांडून बसलेत. काचेच्या पेटीत कोवळी पोरं ठेवतात म्हणे, बल्ब लावून. कोंबडीची पिल्लं ठेवतात तशी.

"सोहनकाका, मऊ पारदर्शक नळी द्या, दोन मीटर. आणि बाटली गच्च धरेल अशी क्लिप."

विचारलं, कशाला? तर श्वासाचं मशीन जोडतोय म्हणे. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या पोरांसाठी. नाकात घालायच्या बारक्या नळ्या पुण्याहून आल्यात, बाकीचं इथे जमवायचं. एकीकडून नाकात हवा सोडायची, दुसरीकडची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवायची. बुडबुडे आले की मशीन चालू. मी म्हटलं, डॉक्टर, एवढ्यात माझ्याकडे फवारणीचा पंपसुद्धा होत नाही. तो हसला नाही. शिकलेल्या माणसांचं हेच वाईट.

"पाण्यात बुडवणार किती?"

"पाच सेंटिमीटर."

पाच सेंटिमीटर हेड! चाळीस वर्षं मोटारी विकतोय मी. हेड म्हणजे पाण्याची उंची, आणि पाण्याची उंची म्हणजे दाब, हे अडाण्यातल्या अडाणी गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत पटवतो. दोनशे फूट हेडच्या मोटारी पडल्यात माझ्या गोडाऊनमध्ये. म्हटलं, पाच सेंटिमीटरच्या दाबानं चहावरची साय तरी हलेल का? काउंटरवरची चार गिऱ्हाइकं खो खो हसली. डॉक्टरांनी नळी गुंडाळली आणि गेले.

१३ ऑगस्ट

पाऊस. गिऱ्हाईक नाही. कालची साय मात्र पेठेत दुकानोदुकानी फिरतेय. बरं वाटलं.

२२ ऑगस्ट, सोमवार

डिंपल सकाळी बाळंत झाली. आमची सूनबाई. सातवा महिना नुकता लागलेला — पण आमच्या घरात कुठली गोष्ट वेळेवर झालीय? मुलगी आहे. अकराशे ग्रॅम. माझ्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह याहून जड भरतो.

पोर लगेच गोरक्षच्या दवाखान्यात नेली. श्वास घेताना छाती आत ओढली जाते, बरगड्या मोजून घ्याव्यात. आणि प्रत्येक श्वासाला कण्हते. एवढ्याशा जिवाला कण्हायचं कुणी शिकवलं?

आमच्या मुलानं, पीयूषनं पुण्याला फोन लावले. चार मोठे दवाखाने. चौघांकडे मशीन आहे, रिकामं एकाकडेही नाही. पीयूष म्हणाला तरी नेऊ, दारात गेल्यावर कुणी नाही म्हणणार नाही. गोरक्ष म्हणाला, "खेडच्या घाटात गाड्या तुंबल्यात. पोर वाटेतच गार पडेल. नेणार असाल तर न्या, मी चिठ्ठी देतो. ठेवणार असाल तर आत्ता सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात कुणी माझं ऐकत नाही, पण असल्या वेळी मी कर्ता पुरुष. म्हटलं, ठेवा.

मग तिला मशीनला जोडलं. भिंतीवर बाटली. माझीच क्लिप, माझीच नळी. पाच सेंटिमीटर.

साय आठवली.

२३ ऑगस्ट

जिवंत आहे. कण्हणं थांबलं.

गोरक्षला विचारलं, हे चालतं कसं? म्हणाला, "काका, फुगा पूर्ण मिटला की पुन्हा फुगवायला जोर लागतो. थोडा फुगलेलाच ठेवला तर सोपं जातं. हिची फुप्फुसं कच्ची आहेत, दर श्वासाला मिटतात. हा पाण्याचा दाब ती मिटू देत नाही. घशात नळी घालायला नको, भोक पाडायला नको. श्वास तिचा तीच घेते, आपण फक्त टेकू द्यायचा."

शांतपणे सांगितलं. काउंटरवरच्या विनोदाचा उल्लेखसुद्धा नाही. एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

आत एकाच माणसाला बसू देतात. पीयूष दुकानात, डिंपल अजून खाटेवर, आणि गुलाबबाई तिथे आल्या की रडतात — माझी बायको रडायला लागली की शेजारच्या पेट्यांतली पोरंही सुरू होतात. म्हणून स्टुलावर मी. दवाखान्याची झूल अंगावर, डोक्याला टोपी. आरशात पाहिलं, आचारी दिसतो.

तिथली नर्स दिशा नावाची. खोडदची, बावीस-तेवीस वर्षांची. दिवसभर माझ्यावर हुकूम. "शेठ, हात धुवा." "शेठ, ते घड्याळ काढा." "शेठ, काचेवर टिचकी मारू नका, आत आवाज घुमतो." चाळीस वर्षांत एवढं कुणी बोललं नव्हतं. गुलाबबाई सोडून.

२५ ऑगस्ट

आज एक थेंब दूध पचलं. एक थेंब! पीयूषनं पेढे आणले. एका थेंबाला अर्धा किलो पेढे, हिशेब बरोबर आहे.

ते बुडबुडे दिवसभर ऐकतो. बुडबुड, बुडबुड. थांबले की दिशा कुठेही असली तरी धावत येते, नाकातली नळी सारखी करते, पुन्हा सुरू. तिला विचारलं, थकत नाहीस का गं? म्हणाली, "आमच्यात कोकरू अवेळी पडलं की आज्जी त्याच्याजवळनं तीन दिस उठत न्हाई. हे तर मानसाचं हाय."

तिची आजी सरुबाई. खोडदलाच असते. कधीतरी आमच्याकडून दोर नेलाय म्हणे. आठवत नाही मला. दोर नेणारे कुठे आठवतात?

२६ ऑगस्ट, शुक्रवार

आज एक चांगलं काम केलं. लिहून ठेवतो, नाहीतर या घरात माझ्या नावावर काही लागत नाही.

मी बाहेरचं पाणी पीत नाही, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. गाळून उकळलेलं, पक्कं. त्यात चातुर्मास. म्हणून गुलाबबाई रोज तांब्या भरून देतात, वर गाळण्याचं फडकं बांधून. तो मी खिडकीत ठेवतो.

चार वाजता बाटलीकडे लक्ष गेलं. पाणी थोडं उतरल्यासारखं वाटलं. आणि मनात आलं — हे पाणी कुठलं? नळाचं? टँकरचं? कुणी गाळलंय? माझ्या घरात जन्मलेली पोर, आणि पहिले श्वास घेतेय कच्च्या पाण्यावर! दिशाला विचारणार होतो, पण ती शेजारच्या खोलीत दुसऱ्या पोराला दूध पाजायला गेली होती. थोडक्या कामाला कुणाला कशाला बोलवायचं? झाकणाला भोक होतंच. तांब्यातलं पक्कं पाणी हळूच ओतलं. चांगलं दोन बोटं चढलं. बुडबुड्यांचा आवाज जड झाला, घुमायला लागला. जोर आला मशीनला.

गुलाबबाईंना सांगितलं तर डोळ्यांत पाणी. "पुण्य लागेल," म्हणाल्या.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून घरी आलो. जेवलो, हे लिहिलं, आता परत निघतो.

२७ ऑगस्ट, शनिवार

लागलं पुण्य.

काल साडेसहाला पोचलो तर दवाखान्याच्या पायरीवर पीयूष डोकं धरून बसलेला. मी निघालो आणि पाऊण तासात पोर निळी पडली. छाती एका बाजूनं फुगली, हलेना. फुप्फुसातून हवा बाहेर फुटली होती. गोरक्षनं छातीत सुई घालून हवा काढली. पीयूष म्हणतो, सायकलच्या ट्यूबसारखा आवाज आला, फुस्स. मग रंग परत आला. पाच मिनिटं उशीर झाला असता तर आज लिहायला काही नव्हतं.

मी विचारलं, झालं कशानं?

"बाटलीत पाणी जास्त होतं, बाबा. रेघेच्या वर तीन सेंटिमीटर. पाच पाहिजे, तिथे आठ. नर्सनं ओतलं. विचारल्यावर कबूल केलं तिनं — माझ्याकडून झालं म्हणाली."

मी पायरीवर बसलो.

पाण्याची उंची म्हणजे दाब. चाळीस वर्षं! अडाण्यातल्या अडाणी गिऱ्हाइकाला! बाटलीवर पट्टी चिकटवलेली, तिच्यावर पेनानं रेघ ओढलेली. मी ती रोज पाहत होतो. मला वाटलं, बॅटरीवर असते तशी — याच्या खाली नको, एवढंच. खरं सांगायचं तर असंही काही वाटलं नव्हतं. मी रेघेचा विचारच केला नाही. मी कच्च्या पाण्याचा विचार करत होतो.

आणि यावर कळस. गोरक्ष पीयूषला सांगत होता ते ऐकलं. बाटलीतलं पाणी दवाखान्यात दोनदा उकळून गार केलेलंच असतं. म्हणजे माझ्यापेक्षा पक्कं.

आत गेलो. पोर निपचित. बरगडीत नळी. खिडकीत माझा तांब्या होता. मी अर्धा ठेवून गेलो होतो. आता कुणीतरी विसळून पालथा घातला होता आणि फडकं घडी करून शेजारी ठेवलं होतं.

दिशा कोपऱ्यात उभी होती. रडत नव्हती. पीयूष तिला नको ते बोलला. पोलिसांचं नाव काढलं. डिंपल खाटेवरून उठून आली, टाके ताजे असताना, आणि म्हणाली, "माझ्या पोरीला हात लावू नको पुन्हा." मी तिथेच होतो. ज्या जिभेला पेठ घाबरते ती जीभ माझ्याच तोंडात होती. हलली नाही.

ती का म्हणाली असं? तिनं तर ओतलं नव्हतं. भीतीनं माणूस काहीही कबूल करतो, असं मी मनाशी ठरवलं. सोयीचं होतं.

२८ ऑगस्ट

गोरक्षनं दिशाला घरी पाठवलं. त्याच्या मनात नव्हतं. पण पीयूष ऐकेना.

जाताना ती माझ्यासमोरून गेली. म्हणाली, "शेठ, तासातासाला रेघ बघत जा." बस्स.

३० ऑगस्ट

दुकानातून लाल ऑइलपेंट नेला आणि बाटलीवर जाड रेघ ओढली. गोरक्ष खूष. "काका, असा पहारेकरी मला पगार देऊन मिळायचा नाही."

खरंय. दरोडा घालून झाल्यावर माझ्यासारखा पहारेकरी नाही.

नवी नर्स मिळेना. गोरक्ष स्वतःच बसतो, आणि आया बायडाबाई. ती बाटलीजवळून झाडू घेऊन गेली तरी माझा जीव वर येतो. पोर अजून बुडबुड्यांवर. वजन उतरून एक हजार तीस. सत्तर ग्रॅम कुठे गेले ते मला विचारा.

१ सप्टेंबर, गुरुवार

पर्युषण लागलं. छापखान्यातून क्षमापनेची कार्डं आली, दोनशे. सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात कमळ. "जाणता अजाणता आपले मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो." दरवर्षी पाठवतो. पाइपच्या कंपनीला, बँकेच्या मॅनेजरला, आळेफाट्याच्या डीलरला. यांचं मन मी कधी दुखावलं? त्यांना मन आहे की नाही तेही मला माहीत नाही.

दोनशे पत्ते लिहिले. हात दुखला. खोडदचा एकही नाही.

४ सप्टेंबर, रविवार

बरगडीतली नळी काढली. हवा पुन्हा फुटली नाही.

डिंपलनं आज पहिल्यांदा तिला छातीशी धरलं, नळ्यांसकट. गोरक्ष म्हणाला, आईच्या अंगाची ऊब पेटीपेक्षा चांगली. पोर बेडकासारखी चिकटून झोपली. डिंपल माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात म्हणून. नाहीतर त्या बाईनं मारलीच असती."

मी बाहेर येऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. लाज वाटली. आयुष्यात पुष्कळांना लाज आणली, स्वतःला वाटायची सवय नाही. फार वेळ वाटते ती.

६ सप्टेंबर

बायडाबाईला सहज विचारलं, दिशा कुठे असते आता?

"खुरपायला जाती रानात. मंचरला दोन दवाखान्यांत इचारून आली, कुनी घेईना. बोभाटा लई झालाय ना, शेठ. पोराच्या जिवावर उठली म्हनत्यात. लग्नाचं जमत व्हतं तेबी फिसकाटलं."

बोभाटा कुठून झाला ते मी विचारलं नाही. माझ्याच काउंटरवरून. पीयूष रोज गिऱ्हाइकांना सांगतो, मी मोटारीचे नट तपासत बसतो. साय फिरली त्याच वाटेनं हेही फिरलं. आमच्या दुकानाचा माल लांब जातो.

७ सप्टेंबर, बुधवार

बाटली सुटली!

सकाळी अकराला गोरक्षनं नाकातल्या नळ्या काढल्या. सगळे बाहेर, मी आत. पोरीनं नाक उडवलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि श्वास घेतला. मग दुसरा. मग जरा थांबली. मला वाटलं, संपलं. गोरक्षनं तळपायाला बोट लावलं. घेतला तिसरा. तासभर मी मोजत होतो. अकराशे दहा ग्रॅम. आमच्या खानदानातला पहिला माणूस, ज्याला कुणाचा टेकू नको.

खोली शांत. बुडबुडे नाहीत. एवढे दिवस कान त्यांच्यावरच होते, आता त्यांचं नसणंच ऐकू येतं.

बाहेर गणपतीचे ताशे. गुलाबबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुमच्याच पाण्याचं पुण्य," म्हणाल्या.

मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि का, ते त्यांना कळत नाही. पोर निळी पडली त्या रात्री मी "कुठे बोलू नका" म्हटलं, त्या नाही बोलल्या. पाण्याचा आणि निळ्या पडण्याचा संबंध त्यांच्या डोक्यात आलेलाच नाही. पन्नास वर्षं त्यांनी पाणी गाळून उकळलं. ते पाणी कुणाला मारू शकतं, हे त्यांना कसं सांगू?

८ सप्टेंबर, गुरुवार. संवत्सरी

उपवास. जैन स्थानकात वर्षभराच्या दोषांचं प्रतिक्रमण झालं. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांपुढे हात जोडले. मिच्छामि दुक्कडम्, मिच्छामि दुक्कडम्. माझे झालेले दोष वाया जावोत. शंभर माणसांची क्षमा मागितली, शंभर माणसांना दिली. कुणीही कुणाचं काही केलेलं नव्हतं. सोपं गेलं.

पायऱ्या उतरलो आणि पाय घराकडे वळेनात. सरळ दवाखान्यात गेलो. गोरक्ष एका पोराचा कान बघत होता. ते पोर जाईपर्यंत थांबलो. मग म्हटलं, डॉक्टर, पाणी मी ओतलं.

त्यानं बॅटरी विझवली, खिशात ठेवली, पुन्हा काढली. मग म्हणाला, "तिनं मला शपथेवर सांगितलं होतं, मीच ओतलं म्हणून. मी घालवली तिला, काका. माझ्या हातानं." पहिल्यांदाच बहिरूच्या पोरानं माझ्यासमोर डोळे पुसले. मी बघत उभा, आचाऱ्याच्या वेषातसुद्धा नाही.

"सोमवारी बोलावतो तिला," म्हणाला. "पण आधी घरी सांगा. आणि खोडदला तुम्ही जा. मी जाणार नाही तुमच्या वतीनं."

घरी सांगितलं, चौघांत बसून. पीयूष उठून गच्चीवर गेला. गुलाबबाईंनी स्वैपाकघरात जाऊन तांब्या घासायला घेतला, स्वच्छ असलेला. डिंपल एकच बोलली. "बारा दिवस, बाबा?" आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

उद्या काउंटरवरही सांगायचं. जिथून गेलं तिथूनच.

९ सप्टेंबर, शुक्रवार

खोडदला जाऊन आलो. तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या कुंपणापलीकडे दोन खोल्यांचं घर. दिशा रानातून आली, हाताला माती. मी उभ्यानंच हात जोडले, मिच्छामि दुक्कडम् म्हटलं आणि पुढचं सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "बसा तरी, शेठ," आणि आत गेली. सरुबाईनं घोंगडी अंथरली. बराच वेळ झाला. चुलीचा धूर बाहेर आला. मला वाटलं, ती आता येत नाही.

आली. हातात तांब्या, वर फडकं बांधलेलं.

"घ्या. गाळून उकाळलंय. तुमाला कच्चं चालत न्हाई, ठाव हाय मला. त्या दिशी तुमचा तांब्या मीच इसळून ठिवला व्हता. तुमाला उठवलं असतं, तर पोरीजवळ कोन बसलं असतं?"

पाणी अजून कोमट होतं. प्यायलो.